खाटेखालची सासू

सासूला पाहुण्याच्या खाटेखाली ठेवायचं आर्गिरोच्या मनात कधीच नव्हतं. सासू तिथं आधीपासून होती. पाहुणा मागून आला.

डोंगराळ बेटावरच्या लिथारी गावात कबरस्तान म्हणजे एवढंसं अंगण, आणि तेही अर्धं खडकाचं. माणूस गेलं की त्याला चार-पाच वर्षं जमीन मिळते. मग त्याची हाडं वर काढायची, वाइननं धुवायची, पेटीत घालून पेटीवर नाव लिहायचं आणि देवळामागच्या हाडांच्या खोलीत ठेवायची. जागा पुढच्याला. आर्गिरोची सासू पेलागिया सहा वर्षांपूर्वी गेली. गेल्या वर्षी तिला रीतसर वर काढलं, मुलानं आपल्या हातानं धुतलं, आणि हाडांच्या खोलीत तिची पेटी तिच्या बहिणीच्या पेटीशेजारी लागली. दोघींचं जन्मभर पटलं नव्हतं, पण तिथं कुणाला विचारत नाहीत.

ह्या उन्हाळ्यात त्या खोलीचं छप्पर खचलं. पाद्री याकोवोसनं सांगितलं, ज्यानं त्यानं आपापलं माणूस घरी न्यावं. शनिवारी सगळ्यांच्या नावानं प्रार्थना आहे, तेव्हा पेट्या देवळात घेऊन या, तोवर कौलं चढतील. लोकांनी नेली. कुणी कपाटावर ठेवली, कुणी पिंपाशेजारी. आर्गिरोचा नवरा मानूसोस उन्हाळाभर मेंढरांबरोबर वर डोंगरात. आईला घरी आणायचं काम बायकोवर पडलं.

आता सासूची भीती कुणाला नसते. पण आर्गिरोची भीती वेगळी होती. पेलागियानं मरताना सुनेचा हात धरून सांगितलं होतं, "माझ्या खोलीत परका माणूस झोपवलास, तर मी येईन." एवढंच. मग डोळे मिटले. आणि वर्ष सरायच्या आत आर्गिरोनं त्या खोलीला चुना लावून, नवी चादर घालून, दारावर 'खोली भाड्यानं मिळेल' अशी पाटी ठोकली होती. करणार काय, वरच्या पडक्या राजवाड्याचे जुने दगड बघायला माणसं येतात, त्यांना झोपायला जागा लागते. गेल्या उन्हाळ्यापर्यंत म्हातारी जमिनीत होती, तोवर ठीक चाललं. आणि आता ती खरोखरच आली होती. आर्गिरोनंच तिला काखेत धरून आणली होती.

पहिल्या दिवशी पेटी स्वयंपाकघरात ठेवली, तर घास घशाखाली उतरेना. रश्शात मीठ जास्त झालंय, हे कुणीतरी बघतंय असं वाटायचं. आपल्या झोपायच्या खोलीत ठेवली, तर डोळ्याला डोळा लागेना. शेवटी तिनं विचार केला, बाईला तिच्या खोलीतच ठेवावं, तिथं तरी ती शांत बसेल. खोली रिकामीच होती. पेटी खाटेखाली सरकवली, नावाची बाजू भिंतीकडे केली, तीनदा थुंकली, म्हणजे दृष्टबिष्ट लागायला नको, आणि दार ओढून घेतलं.

शुक्रवारी दुपारी अंगणात प्रेबेन उभा.

प्रेबेन हा उत्तरेकडचा, डेन्मार्कचा माणूस. ताडासारखा उंच, दह्यासारखा गोरा, डोक्यावर चिंध्या झालेली टोपी, पाठीवर पिशवी. चाळीस वर्षं आपल्या देशात शाळेतल्या मुलांना ह्या बेटाची जुनी भाषा शिकवली होती, ती तीन हजार वर्षांपूर्वीची. निवृत्त झाल्यावर ते बेट एकदा डोळ्यांनी बघायला सुट्टीवर आला होता. इंग्रजी त्याला चांगलं येत होतं, पण ह्या मातीत पाय ठेवल्यावर इथल्याच भाषेत बोलायचं असा त्यानं पण केला होता. फक्त ती भाषा ह्या मातीत आता कुणी बोलत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

टोपी छातीशी धरून तो म्हणाला, "हे गृहस्वामिनी, पांथस्थ मी. तुझिया गृही चार रात्री निवारा लाभेल काय?"

आर्गिरोनं सवयीनं छातीवर क्रूस काढला. अशी भाषा तिनं फक्त देवळात ऐकली होती, आणि तिथं ती सुरू झाली की उभं राहायचं आणि मान खाली घालायची एवढं तिला ठाऊक होतं. ती उभीच होती, म्हणून तिनं मान खाली घातली. प्रेबेनला वाटलं, होकार. तो पिशवी घेऊन सरळ खोलीत गेला, जाडे चिखलाचे बूट पायात घेऊन. सासू हयात असताना त्या उंबऱ्याच्या आत चपलेचं पाऊल कुणी टाकलेलं नव्हतं. मानूसोसला लग्नाच्या दिवशीसुद्धा तिनं बाहेर बूट काढायला लावले होते, आणि त्याच्या मोज्याला भोक होतं ते सगळ्या वरातीनं बघितलं होतं.

ती मागोमाग धावली. पेटी काढून घ्यायची होती. पण 'जरा बाजूला व्हा, खाटेखालून सासू काढायचीय' हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? आज ह्याला कळलं की उद्या कॉफीच्या टपरीवर कळणार, आणि शनिवारी नवरा डोंगरातून उतरला की पहिली गोष्ट त्याला हीच ऐकायला मिळणार. मानूसोस वाईट माणूस नव्हता. पण आईचं नाव निघालं की त्याचा हात कमरेच्या सुरीवर जायचा, पावाचा तुकडा कापायला का होईना.

म्हणून ती दारात उभी राहून इकडचं तिकडचं विचारायला लागली. तुमच्याकडे थंडी फार का, बायको कुठंय, काम काय करता.

प्रेबेन खुलला. तिचं अर्धंमुर्धंच कळलं, पण ह्या मातीतलं माणूस त्याला पहिल्यांदाच काही विचारत होतं. तो खाटेवर बसला, खाट करकरली, आणि म्हणाला, "चाळीस वर्षे मी बालकांस शिक्षा दिली. तेचि माझे जीवनीचे परम सुख."

पोथीतल्या भाषेत शिक्षा म्हणजे शिकवण. लिथारीत शिक्षा म्हणजे शिक्षा.

आर्गिरोनं दाराची चौकट धरली. "लहान मुलांना?"

"सान आणि थोर," प्रेबेन म्हणाला. "काही रडत. परंतु पुढे वयात आल्यावर तीच बालके पत्रे लिहून माझे आभार मानत."

"आणि आता?"

"आता वृद्ध झालो." त्यानं एक सुस्कारा सोडला. "तरी योग्य बालक भेटले, तर आजही देईन. विनामूल्य."

मग त्यानं हसून नम्रपणे दार लावून घेतलं आणि प्रवासाच्या थकव्यानं आडवा झाला. दार बंद, वर तो माणूस, खाली सासू, आणि बाहेर आर्गिरो.

ती कुंपणाच्या भिंतीशी गेली. पलीकडे शेजारीण झांबिया रात्रीच्या कालवणाच्या गोगलगायी निवडत बसली होती. झांबिया मानूसोसच्या चुलत घरातली, तोंडानं फटकळ. आर्गिरोनं सगळं सांगितलं, पेटीसकट, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिचे पाय थांबत नव्हते. झांबियानं एक गोगलगाय उचलून बघितली, मेलेली निघाली, फेकून दिली.

"अगं, पण आपल्या गावात पोरं आहेत कुठं," ती म्हणाली. "सगळी शहरात गेली. त्याला शिक्षा द्यायला इथं सापडणार कोण? तू आणि मीच."

"झांबिया, असं बोलू नको."

"मी बोलत नाही. तू घेतलास घरात. आणि वर सासूच्या खाटेवर झोपवलास. ती सांगून गेली होती ना, येईन म्हणून? मला तर वाटतं, तिनंच बोलावून घेतला असणार. तिला एकटीला जमलं नाही ते दोघं मिळून करतील."

झांबियाकडून धीर मिळेल असं ज्याला वाटलं त्याचंच चुकलं. तरी जाता जाता तिनं एक गोष्ट कामाची सांगितली. दुपारी माणूस झोपतोच, मग तो कितीही मोठा राक्षस असो. खिडकी मागच्या अंगणात उघडते. आणि घरात मेंढरं अडकवायची काठी आहे.

दुपारी जेवणानंतर लिथारीत कुत्रंसुद्धा भुंकत नाही. सगळ्या दारांना अडसर, सगळ्या गल्ल्या ओस, आणि अंजिराच्या झाडात ओरडणारे किडे तेवढे जागे. आर्गिरोनं नवऱ्याची लांब काठी घेतली. तिच्या टोकाला लाकडी आकडा असतो, पळत्या मेंढराचा मागचा पाय त्यात बरोबर सापडतो. ती खिडकीखाली वाकून गेली. आतून घोरणं ऐकू येत होतं. सासूही तशीच घोरायची, आधी शिट्टी आणि मग करवत. तिनं मनात म्हटलं, हा पाहुणाच आहे, पाहुणाच आहे. आणि झडप ढकलून काठी आत घातली.

आत अंधार होता. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना काही दिसेना. आकडा खाली गेला, फरशीवर घासला, कशाला तरी टेकला. आर्गिरोनं तो फिरवला, अडकलं असं वाटलं. तिनं दोन्ही हातांनी ओढलं.

ते पेटीचं कडं नव्हतं. प्रेबेन उंच असल्यामुळं त्याचे पाय खाटेच्या बाहेर लोंबत होते, त्यातला डावा घोटा होता.

तीन हजार वर्षांपूर्वी ह्या बेटावरचा माणूस घाबरला की कसा ओरडायचा, ते त्या दुपारी गावानं ऐकलं. आर्गिरोनं काठी सोडली आणि खाली बसली. आत काहीतरी धप्पकन पडलं. तो प्रेबेन होता, पाय धरून खाली आलेला. खाली पडलेल्या माणसाला काय दिसतं? खाटेखालचं दिसतं.

मग पेटी ओढल्याचा आवाज आला. मग झाकणाची बिजागरी.

आर्गिरो धावत पुढून दाराशी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं, तिनं ते ढकललं. प्रेबेन गुडघ्यावर बसला होता, समोर पेटी उघडी, आणि तिला भीती होती तसं त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. उलट डोळे चमकत होते. वरच्या दगडांत राजे नांदून गेले, आणि इथं साध्या खाटेखाली हे घबाड. त्यानं हात जोडले.

"हे गृहस्वामिनी," तो पुटपुटला, "किती सहस्र वर्षांच्या ह्या अस्थी?"

"सहा," आर्गिरो म्हणाली.

"सहा सहस्र?"

"नाही हो. सहाच. सासू आहे माझी."

प्रेबेनचे जोडलेले हात तसेच राहिले. त्याला इथल्या रोजच्या बोलीतलं दहांतलं चार कळायचं, आणि कळायचं ते नेमकं नको तेवढंच. सासू कळलं. सहा वर्षं कळलं. आर्गिरो तर भरभर बोलत सुटली होती. आधी पुरली होती, मग वर काढली, नवऱ्यानं स्वतःच्या हातानं धुतली, वाइन ओतून, म्हणजे वास राहत नाही. स्वयंपाकघरात ठेवून बघितली, जमेना. आणि शेवटी तिनं ओठांवर बोट ठेवलं. "तुम्ही इथं झोपलात ते नवऱ्याला तेवढं सांगू नका हो. उद्या येतोय तो. त्याच्याकडे सुरी असते."

प्रेबेननं पेटीकडं बघितलं, मग तिच्याकडं. "आर्ये," तो म्हणाला, "तुज ही शिक्षा कोणी दिली?"

आर्गिरोचे डोळे भरून आले. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून असं तिला कुणी विचारलं नव्हतं. "तिनंच," ती म्हणाली आणि पेटीकडं बोट दाखवलं. "तीस वर्षं. रोज."

प्रेबेन उठला, अदबीनं तिला दाराबाहेर केलं आणि दार लावलं. मग अडसर पडला. मग कपाट सरकल्याचा आवाज आला.

संध्याकाळी ऊन कलल्यावर आर्गिरोनं बाहेरून ताट आणलं, चीज, ऑलिव्ह, जाडा पाव, आणि पेला भरून राकी, द्राक्षांची घरगुती दारू. राकी नाकारणारा माणूस बेटावर अजून तिनं बघितला नव्हता. आतून उत्तर आलं, "मज तृष्णा नाही." तिनं सांगून बघितलं, मीच गाळलेली आहे, एकदम कडक. तर कपाटामागं खाटही सरकली.

उद्या सकाळी प्रत्येक घर आपली पेटी घेऊन देवळात जाणार. पाद्री एकेक नाव वाचणार. पेलागियाचं नाव येणार आणि मानूसोस मान वळवून बायकोकडं बघणार. आणि पेटी त्या राक्षसाच्या कोंडीत. तिथं तो काय करत असेल, कुणास ठाऊक. चाळीस वर्षांची सवय माणसाला सुटत नाही.

तिनं पाद्रीला बोलावलं. पाद्री याकोवोस छपरावरच होता, कौलं लावत. दाढीत चुना घेऊन आला. आर्गिरोनं त्याला सांगितलं की माणूस देवळातली भाषा बोलतो, तुम्हीच बोला त्याच्याशी. पाद्रीनं दाढी कुरवाळली. गोष्ट अशी होती की ती भाषा तो तीस वर्षं रोज गात होता, पण तिच्यात बोलला कधीच नव्हता. त्याला लग्न येत होतं, बारसं येत होतं आणि मयत येत होतं. ह्या तिन्हींत 'दार उघडा' असं कुठं म्हटलेलं नाही.

"बघतो, पोरी," तो म्हणाला. दाराजवळ जाऊन घसा खाकरला आणि त्यातल्या त्यात जवळचं जे आठवलं ते खड्या आवाजात लावलं. अर्थ साधारण असा होता की ये बंधो, आता सगळ्यांचा निरोप घे, मातीचा तू, मातीत चल.

आत कपाट दाराला आणखी घट्ट रेललं.

मग आतून आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "हे पुरोहिता, तूही ह्यांस सामील आहेस काय?"

पाद्री दोन पावलं मागं आला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता, दाढीतला चुना कुठला आणि तोंड कुठलं ते कळेना. "आर्गिरो," तो हळूच म्हणाला, "तीस वर्षं गातोय मी. आजवर कधी कुणी उलट बोललं नव्हतं." आणि छपराचं काम राहिलंय म्हणून निघून गेला. जाताना त्यानं वळून बघितलं नाही.

रात्र कशी गेली ते सांगण्यात काही अर्थ नाही.

सकाळी घंटा वाजली. झांबिया काळे कपडे घालून, आपल्या सासऱ्याला कमरेवर घेऊन भिंतीशी आली. "निघतेस ना," ती म्हणाली. आर्गिरो मागच्या अंगणात उभी होती. खिडकीची झडप सताड उघडी. चादरीला गाठ मारून बाहेर सोडलेली, खिडकी कमरेएवढीच होती तरी. आत कपाट दारात, त्याला टेकून खाट. खाटेखाली काही नाही.

"नेली," आर्गिरो म्हणाली. "माझी सासू घेऊन पळाला."

झांबियानं सासऱ्याची पेटी दुसऱ्या कमरेवर घेतली. मग म्हणाली, "अगं, तीस वर्षं तू ज्याची वाट बघत होतीस..."

"झांबिया, मरेन मी आज."

"मरशील तर तुझी जागा कुठली लावायची? छप्पर झालं नाही अजून."

देवळाच्या अंगणात लाल कौलांचा ढीग, आणि त्याच्या बाजूला पांढऱ्या कापडावर ओळीनं पेट्या. बायका झाकणं उघडून आतलं फडक्यानं पुसत होत्या, इकडच्या तिकडच्या गोष्टी करत होत्या. कुणी कवटीवरची धूळ फुंकली, कुणी पेटीत पुदिन्याची काडी ठेवली. आर्गिरो रिकाम्या हातांनी कोपऱ्यात उभी राहिली. ते हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना. पाद्री तिच्याकडं बघत नव्हता. ती पाद्रीकडं बघत नव्हती. आणि मग वाकणावरून मानूसोसची गाडी आली, त्याची ती मेंढ्यांच्या वासाची खटारा पिकअप. आर्गिरोनं डोळे मिटले.

गाडी थांबली. दार वाजलं. डोळे उघडले तर मानूसोस उतरत होता, काळी दाढी, काळा शर्ट, खांद्याला बंदूक. दुसऱ्या बाजूनं प्रेबेन उतरला. त्याच्या छातीशी पेटी होती आणि चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

मानूसोस सरळ बायकोकडं आला. तो समोर उभा राहिला आणि तिला दिसलं की त्याचे डोळे ओले आहेत. आईला पुरताना ओले झाले होते, त्यानंतर आजच.

"खालच्या वाकणावर भेटला," तो म्हणाला. त्याचा आवाज जड झाला होता. "आईला खांद्यावर घेऊन चालला होता. पायी. घामानं नुसता निथळत होता. मी म्हटलं, कोण हो तुम्ही, हे काय नेताय, तर थरथरायला लागला. पेटीवर नाव बघितलं आणि मलाच कळेना काय बोलावं. परका माणूस, सुट्टीवर आलेला, माझ्या आईला खांद्यावर घेऊन देवळात निघालेला. आपल्या सख्ख्या नातवंडांनी कधी उचललं नाही." त्यानं नाक ओढलं. "रस्ता चुकला होता बिचारा. उलटा पोलीस चौकीकडं चालला होता. तू पाठवलंस ना त्याला?"

आर्गिरोनं प्रेबेनकडं बघितलं. प्रेबेन तिच्याकडं बघत नव्हता. तो पेट्यांकडं बघत होता. एक ओळ, दुसरी ओळ, प्रत्येकीवर नाव, प्रत्येकीपुढं मेणबत्ती, आणि झांबिया आपल्या सासऱ्याच्या डोक्याला फडकं मारत होती जसं कुणी पितळेचं भांडं पुसतं. कुणीतरी त्याच्या हातात उकडलेल्या गव्हाचा गोड प्रसाद ठेवला, वर डाळिंबाचे दाणे. तो तिथंच कौलांच्या ढिगावर बसला. बराच वेळ बसला. मग त्यानं मान वर करून आर्गिरोकडं पाहिलं.

"क्षमस्व," तो म्हणाला.

हा एक शब्द त्या भाषेत आणि ह्या भाषेत सारखाच आहे. आर्गिरोलाही कळला.

"हो," ती नवऱ्याला म्हणाली. "मीच पाठवलं."

"किती लाजरा माणूस," मानूसोस म्हणाला. "गाडीत बसायला तयार होईना. मी बंदूक बाजूला केली, सुरीनं त्याला पेअर कापून दिलं, तरी नको नको."

पेलागियाचं नाव आलं तेव्हा पेटी जागेवर होती. पाद्री याकोवोसनं ते नाव जरा घाईनंच घेतलं, प्रेबेनकडं एक डोळा ठेवून, पुन्हा उलट बोलतो की काय म्हणून. प्रेबेन बोलला नाही. फक्त एका ठिकाणी त्याचे ओठ हलले. पाद्रीनं एक शब्द चुकीचा गायला होता, तीस वर्षं तसाच गात होता.

प्रार्थना झाल्यावर राकी फिरली. ह्या वेळी प्रेबेननं घेतली, दोनदा घेतली. मानूसोसनं त्याच्या खांद्यावर हात टाकून विचारलं, काम काय करायचात तुम्ही. आर्गिरो खोकली, तिनं नवऱ्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

"चाळीस वर्षे," प्रेबेन म्हणाला, "बालकांस शिक्षा दिली."

मानूसोसनं त्याच्याकडं टक लावून पाहिलं. मग त्याच्या दाढीतून हसू फुटलं आणि त्यानं प्रेबेनच्या पाठीवर अशी थाप मारली की प्रेबेनचा पेला उडाला.

"आमची आईसुद्धा," तो म्हणाला. "तेच करायची. म्हणूनच तुमचं जमलं."

एवढ्यात पाद्रीनं सांगितलं की कौलं कमी पडली आहेत, शहरातून येईपर्यंत आणखी महिना जाईल, तोवर माफ करा, आपापलं माणूस परत घरी न्या. बायका कुरकुरल्या. मानूसोसनं मात्र पेटी उचलून प्रेबेनच्या हातात दिली, जपून, दोन्ही हातांनी, आणि जाहीर केलं की हा माणूस आता घरचा. महिनाभर इथंच राहील. खोलीचं भाडं घ्यायचं नाही. आणि आई त्याच्या खोलीतच राहील, त्याच्याशिवाय तिला आता दुसऱ्या कुणाकडं सोपवायचं नाही. प्रेबेनला चार दिवसांचं काहीतरी बोलायचं होतं. पण मानूसोस पेअर कापत होता.

संध्याकाळी आर्गिरो कॉफी घेऊन खोलीकडं निघाली. चार पावलं अलीकडे थांबली, कारण प्रेबेन दाराबाहेर उभा होता. आत खाट पुन्हा जागेवर होती आणि खाटेखाली पेटी, नावाची बाजू दाराकडं. प्रेबेननं टोपी छातीशी धरली आणि आत बघून हळू आवाजात विचारलं, "हे वृद्धे, आत येऊ काय?"

आर्गिरो श्वास रोखून उत्तराची वाट बघत राहिली.

तिला तरी काही ऐकू आलं नाही. पण प्रेबेननं मान डोलावली. मग तो वाकला, दोन्ही बूट काढले, उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवले, आणि आत गेला.

बुटांचं त्याला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

आर्गिरोनं खाली आपल्या पायांकडं पाहिलं. मग मुकाट्यानं चपला काढल्या, त्याच्या बुटांशेजारी ठेवल्या, आणि कॉफी घेऊन आत गेली.